ओवीचा लाल दिवा

तिसरीच्या वर्गात अठ्ठावीस पोरं एका चालीत पाढे म्हणत होती आणि अठ्ठावीस कपाळांवर दिवे लुकलुकत होते. नवीन म्हणायचं तर एवढंच. पाढे तेच, पणजोबांच्या वेळचे.

कपाळावरच्या त्या कापडी पट्टीला सगळे 'उजळणी' म्हणत. तेच तेच घोकलं की मेंदूत पायवाट पडते. पट्टी ती वाट हुडकायची आणि वाट पक्की झाली की दिवा हिरवा करायची. धुमाळबाईंना तर आनंदाने वेड लागायचंच बाकी होतं. वर्षाचं काम पोरांनी दीड महिन्यात उरकलं होतं. सत्तावीस दिवे हिरवे.

लाल फक्त ओवी लोखंडेचा.

केंद्रप्रमुख कडूसर आज त्यासाठीच आले होते. मागे राहिलेल्या मुलाची पट्टी उलटी चालवायची असा नियम होता. म्हणजे वाट हुडकायची नाही, सरळ पाडूनच द्यायची. ओवीच्या आईची सहीही झाली होती.

"पाडलेली वाट पुन्हा बदलता येते का हो?" बाईंनी विचारलं.

"बदलायची कशाला? पाढा आला की झालं."

बाई ओवीच्या बाकाशी गेल्या. पोरगी ढ नव्हती, घोकायचीही सगळ्यांइतकंच.

"ओवी, सात आठे किती?"

"छप्पन्न."

"कसे गं?"

"आज चौदा, अठ्ठावीस, छप्पन्न. काल सत्तरातून चौदा काढले होते. रोज तसंच केलं की कंटाळा येतो, बाई."

अगं बया, म्हणजे ही रोज नवीच वाट धरते, पट्टीला सापडणार कशी! बाईंचा हुरूप आवरेना. "पोरांनो, सत्तावीस आठे?"

पाढे विसापर्यंतच घोकलेले. हिरव्या दिव्यांखालचे ओठ हलले आणि थांबले.

"चोपन्न, एकशे आठ, दोनशे सोळा," ओवी म्हणाली.

"कसं गं, सांग की," शेजारचा पार्थ तिच्यावर ओणवा झाला. तिने सांगितलं. मग मागच्या बाकावर कुणी सव्वीस आठे करून पाहिलं, कुणी पस्तीस आठे. वर्गात एकच कल्ला झाला.

घोकलेली वाट सोडताच पार्थचा दिवा लाल झाला. मग आणखी एक. बघता बघता अकरा.

"बाई, हे काय चालवलंय?" कडूसर ओवीची पट्टी उलटी चालवायच्या बटणाजवळ हात नेऊन उभे राहिले.

बाईंनी ओवीला जवळ घेतलं. "सर, आता तुम्हीच सांगा. मागे राहिलेलं मूल यातलं नक्की कोणतं?"