कोपरातला सर्वो

जिन्यात कुणीतरी मागून माझा स्कार्फ ओढला. दोन खरमरीत शब्द तोंडात तयार ठेवूनच मी गर्रकन वळले — आणि बघते तर काय, मागच्या माणसाचे दोन्ही हात एक मोठं खोकं सावरण्यात गुंतलेले! खोक्यातून प्लॅस्टिकचा एक यांत्रिक हात बाहेर आला होता आणि त्याच्या चिमट्यात माझ्या स्कार्फचं टोक अडकलं होतं. चिमटा थरथरत होता. माणूसही जरासा थरथरत होता.

"सॉरी... बॅटरी काढायची राहिली."

"मग सोडायला सांगा त्याला."

"केव्हाचा सांगतोय. माझं ऐकतच नाही तो."

"मग कुणाचं ऐकतो?"

"वर दुरुस्तीला एक बाई बसतात म्हणे... भलभलती यंत्रं त्यांच्यापुढे सरळ होतात."

ती बाई मीच. मी बॅटरीची वायर उपटली, स्कार्फ सोडवून घेतला आणि म्हटलं, "चला, बाई वाट बघतायत."

बिचारा कानापर्यंत लाल झाला. मला ते फार आवडलं.

वरच्या मजल्यावर माझ्या मामाचं दुकान आहे. छोट्या मोटरी, वायरी, खेळण्यातल्या रोबोंची किट. पुढच्या काउंटरवर मामा, मागच्या टेबलावर मी. टेबलाशी बसून त्या माणसाने आपली कहाणी सांगितली. फर्निचरच्या कारखान्यात काम करत होता, पण मुलांना शिकवायची त्याला फार हौस. दुसऱ्या शहरातल्या एका शाळेत कार्यशाळेच्या शिक्षकाची जागा निघाली होती. पुढच्या आठवड्यात मुलाखत, आणि तिथे मुलांसमोर स्वतः जोडलेलं काहीतरी चालवून दाखवायचं. त्याने हा हात जोडला होता. हाताने कप उचलायचा आणि बाजूच्या बशीत ठेवायचा, एवढंच. हात चालला तर नोकरी, आणि नोकरी लागली की तो तिकडे राहायला जाणार.

"चालेल," मी म्हटलं. "माझ्या टेबलावर आलाय ना!"

पहिला दोष तर बोट लावताच कळला. खांद्यातली सर्वो मोटर नुसती गुणगुणत होती आणि चटका बसेल इतकी तापली होती. सांध्याचे सगळे स्क्रू त्याने जीव खाऊन पिळले होते.

"एवढं घट्ट? मोटरने हलायचं कसं?"

"लाकडात सैल ठेवलं की कुरकुरतं हो."

"इथे घट्ट केलं की कुरकुरतं. द्या तो स्क्रू ड्रायव्हर, घट्टराव."

"घट्टराव?" तो हसला. हसताना तो आधी खाली बघतो आणि मग एकदम समोर... छे, त्या वेळी माझं सगळं लक्ष स्क्रूकडे होतं, असंच मी मामाला सांगितलं.

सांधे सैल केले, तर दुसऱ्या दिवशी दुसरंच दुखणं. खांदा आणि कोपर एकदम हलले की हाताला हुकूम देणारा छोटा सर्किट बोर्ड बंद पडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. सगळ्या मोटरी त्या एवढ्याशा बोर्डातूनच वीज ओढत होत्या. त्याला घेरी येणार नाही तर काय! मी मोटरींना वेगळी बॅटरी दिली.

"बोर्डाची आणि बॅटरीची काळी वायर एकमेकींना जोडायची, विसरायचं नाही," मी बजावलं.

"नाही विसरणार," तो म्हणाला. माझ्याकडे बघत म्हणाला, म्हणून विसरला. बटण दाबताच हात पिसाळल्यासारखा नाचला आणि चिमट्याने त्याचा चष्माच उडवला. मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं.

"हसा, हसा," तो चष्मा शोधत म्हणाला. "तुम्ही समोर बसलात की माझी एक तरी वायर सुटणारच."

"मग उठून जाऊ?"

"नको... वायर जोडून घेतो ना."

काउंटरवरून मामा उगाचच खोकला.

दिवस सरत गेले. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मुलाखतीच्या आदल्या दुपारी हात अगदी शहाण्यासारखा वागत होता... फक्त कप अर्ध्यावर आला की खट् आवाज व्हायचा आणि कोपर खाली पडायचं. दरवेळी त्याच जागी. मी कोपरातला सर्वो उघडला. आतल्या चाकाचा एक दाता तुटला होता.

तसाच नवा सर्वो माझ्या ड्रॉवरमध्ये होता. खरं सांगते, माझा हात ड्रॉवरकडे जाईना. हा बसवला की तो जाणार. नाही बसवला तर उद्या कप पडणार, आणि परवा तो पुन्हा या स्टुलावर. एवढा वाईट विचार माझ्या डोक्यात याआधी कधी आला नव्हता.

तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "नाही झाला दुरुस्त तर... राहू दे."

"म्हणजे?"

"म्हणजे... नाही गेलो तर काय बिघडणार आहे?"

माझं डोकंच फिरलं. त्याच्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर.

"हे बघ, तुला राहायचं असेल तर तसं तोंडाने सांगून राहा. तुटक्या दात्यावर ढकलू नकोस. माझ्या टेबलावरून अर्धवट वस्तू जात नाही, आणि तुझी तर मुळीच जाणार नाही."

मी ड्रॉवर खाडकन ओढला. नव्या सर्वोचं चाक आधी फिरवून बरोबर मध्यावर आणलं, मग त्यावर कोपर बसवलं. स्क्रू त्यानेच लावला, बेताचा. बटण दाबलं. हात वाकला, त्याने कप उचलला, अर्ध्यावरून तो सरळ पुढे गेला आणि कप बशीत अलगद टेकला. मला रडू आलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

"झालं," मी म्हटलं. "आता बोल, काय बोलायचं ते."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला ती नोकरी हवीय. खूप हवीय," तो म्हणाला. "आणि तूही हवीयस. एकीसाठी दुसरी सोडायची, हे मला जमायचं नाही... सोडायला निघालो होतो, चुकलंच."

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "जिन्यात लाल झालास ना, तेव्हापासून. आणि तिकडच्या लोकांचीही यंत्रं बिघडत असतीलच की."

तो बघतच राहिला. "म्हणजे तू...?"

"म्हणजे उद्या मी तुझ्याबरोबर येतेय. शाळा बघू, गाव बघू. दुरुस्तीचं टेबल मांडायला एखादी खोली मिळते का, तेही बघू."

त्याने माझा हात हातात घेतला. मी काउंटरकडे तोंड करून हाक मारली, "मामा, मला उद्या सुट्टी हवीय!"

"कशाला गं?"

"प्रेमात पडलेय!"

पलीकडून आधी खोकला ऐकू आला. मग मामाचा आवाज आला, "मग एका दिवसात कसं भागेल? चांगली आठवडाभर घे."