शांतवन सरांच्या गाडीची बटणं

राहात्याच्या बाजारतळामागे गोरक्षनाथचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मीटर त्याच्याकडे दोन आहेत, पण तो आधी वायरीला बोटांची मागची बाजू टेकवणार आणि मगच मीटर लावणार. "मीटर खोटं बोलंल, कातडी न्हाई," असं तो म्हणतो, आणि तीस वर्षांत कातडीनं त्याला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी शांतवन सरांची पांढरी गाडी दारात थांबली आणि तो हातातलं काम टाकून बाहेर आला. नववीत सरांनी त्याला विज्ञान शिकवलं होतं. करंट म्हणजे काय हे फळ्यावरून डोक्यात शिरेना, तेव्हा सरांनी याच गाडीचं बॉनेट उघडून त्याला दाखवलं होतं. किती गोड दिवस होते ते! सर जाऊन आता दोन वर्षं झाली. गाडी त्यांचा मुलगा जॉन चालवत होता आणि शेजारी रेबेका बाई बसल्या होत्या.

"डॅशबोर्डची बटणं तापतात, गोरखभाऊ. परवा आईचं बोट भाजलं," जॉन म्हणाला. "शनिवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर भंगारवाला येतोय. उद्या गाडीनं पेट घेतला म्हणजे?"

जॉन चहाच्या टपरीकडे गेल्यावर बाईंनी गोरखचं मनगट धरलं. "एवढी वाचव रे. त्यांचं आता दुसरं काय राहिलंय माझ्याकडं?"

"बाई, हा तर आपल्या हातचा मळ हाय."

तसंच वाटत होतं. जुन्या गाडीत हेडलाईटचा सगळा भार बटणातूनच जातो. ते तापणार नाही तर काय गारठणार? त्याने रिले बसवला, म्हणजे भार बटणाला टाळून परस्पर दिव्याला. सैल टोकं घासली, आवळली आणि साकुरीपर्यंत चक्कर मारून आला. दिव्याचं बटण तरीही तापलं होतं. थोड्या वेळाने शेजारचं वायपरचं तापलं, मग पंख्याचं. वायपर आणि पंखा तर त्याने चालूच केले नव्हते.

बुधवारी त्याने बॅटरीच काढून जमिनीवर ठेवली. आता काय तापतंय, बघतोच म्हणाला. जेवण करून आला तेव्हा दिव्याचं बटण ऊन होतं.

मीटरवर शून्य. जळका वास नाही. त्याने पॅनेल सोडवून मागे बोटं घातली. वायर गार. टोकं गार. बटणाची मागची बाजूसुद्धा गार. ऊब फक्त समोर होती, मधोमध, अंगठा टेकतो तिथे.

वायरीची ऊब मागून पुढे येते. ही पुढून आत चालली होती.

गुरुवारी बाई एकट्याच चौकशीला आल्या. गोरखने आडून विचारलं, "बाई, गाडीत बसल्यावर सर आदी काय करायचे?"

बाई हसल्या. "उसाच्या सीझनात आम्ही पहाटे निघायचो. धुकं असायचं. लाईट, वायपर, पंखा, तिन्हीवर अंगठा फिरवायचे आणि मग चावी. समोरून उसाची बैलगाडी आली की हेडलाईट बंद करून कडेला थांबायचे, बैल बुजायला नकोत म्हणून. ती जाईपर्यंत अंगठा बटणावरच. मी म्हणायचे, चिकटलाय का तुमचा?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "जॉनला सांगू नको. बोट चुकून न्हाई भाजलं. मीच ठेवून बसले होते."

बाई गेल्यावर गोरख गाडीत जाऊन बसला. बटणं तशीच ठेवली तर गाडी भंगारात जाणार होती, आणि बदलली तर बाईंचं काय जाणार होतं, ते त्याला आता कळलं होतं. रात्रभर तळमळला. शुक्रवारी सकाळी त्याने नवं पाकीट फोडलं आणि तिन्ही बटणं बदलली. निदान गाडी तरी राहील!

नवी बटणं दिवसभर गार राहिली.

शनिवारी जॉनने गाडी स्वतः फिरवून आणली, तिन्ही बटणांना हात लावून पाहिला आणि भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. "चल आई, राहिली तुझी गाडी."

बाई डावीकडून आत बसल्या. हात लांबवून त्यांनी दिव्याच्या बटणावर अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गार हाय रे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

गोरखला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी करायचं म्हणून तो वाकून फडक्याने डॅशबोर्ड पुसू लागला. पुसता पुसता त्याचा हात थांबला.

काल पाकिटातून काढली तेव्हा तिन्ही बटणांवर ठळक पांढरी चित्रं होती: दिवा, वायपर, पंखा. आता ती मधोमध झिजून पुसट झाली होती, तीस-पस्तीस वर्षं वापरल्यासारखी.

बाईंनीही पाहिलं. एकेका बटणाकडे पाहिलं. मग पदराने डोळे टिपून, शेजारच्या रिकाम्या सीटकडे एकदा पाहून त्या नीट सावरून बसल्या.

जॉन चावी घेऊन उजव्या दाराशी आला.

"जॉन," बाई हळूच म्हणाल्या, "तू मागं बस."