राणीचं रिंगण

प्रियदर्शनी घाबरट होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती पालीला घाबरायची, कुकरच्या शिट्टीला घाबरायची, बालवाडीसमोरच्या रस्त्यावरून धडधडत जाणाऱ्या ट्रकांना घाबरायची आणि सगळ्यात जास्त घाबरायची ती कराडात बसलेल्या आपल्या आबांना. चार वर्षांच्या पोरांची मात्र तिला भीती वाटत नसे. म्हणून तर ती घर सोडून शिरवळच्या बालवाडीत बाई होऊन आली होती.

त्या दुपारी शाळा सुटली होती आणि ती जमिनीवर बसून सांडलेले मणी वेचत होती. बाहेर श्रावणाची भुरभुर चालली होती. दारात कुणीतरी खाकरलं. पाहिलं तर एक उंच माणूस, अंगात कारखान्याचा निळा शर्ट, केसांवर पावसाचे थेंब.

“राणीला न्यायला आलोय. मी तिचा मामा, मल्हार. रोज आमची आई येती, आज तिचं गुडघं धरल्यात.”

“बसा ना… हात धुतेय ती.”

तो अवघडून बसला. दोघं मण्यांकडे बघत राहिली, कारण एकमेकांकडे बघायचं दोघांनाही सुचेना. तेवढ्यात बाजूला खुडखुड झाली. राणी हात धुऊन आली होती आणि त्या दोघांभोवती ठोकळे, वाट्या, डब्यांची झाकणं एकाला एक लावत निघाली होती. बघता बघता रिंगण पुरं झालं. प्रियदर्शनी उठायला गेली, तशी राणीचा खालचा ओठ थरथरला.

“भायेर नाय जायचं, बाई. भायेर लांडगा हाय.”

“आता उठता येणार नाही,” प्रियदर्शनी हळूच म्हणाली. “मोडलं तर जीव तोडून रडते.”

“मग बसू की,” मल्हार म्हणाला. “मला तरी कुटं घाई हाय?”

पाऊस वाढला. ठोकळ्यांच्या त्या एवढ्याशा जागेत त्याचा गुडघा तिच्या ओढणीला लागत होता. ती घाबरली, पण ही भीती पालीच्या भीतीसारखी नव्हती, आणि तिच्यापासून पळावंसंही वाटत नव्हतं.

त्यानंतर मल्हारच्या आईचे, तानुबाईंचे, गुडघे काही लवकर बरे होईनात, असं दिसतं. मल्हारच येऊ लागला. पहिली पाळी संपली की अंगावरचं ऑइल धुऊन, केस विंचरून. आणि रोज राणी दोघांना कोंडायची, ती स्वतः कंटाळेपर्यंत.

एकदा त्याने मान खाली घालून विचारलं, “बाई, हिला काय झालंय का? खरं सांगा. आई म्हनती बाहेरची बाधा हाय. घरात ताटाभवती खडं, हातरुनाभवती खडं… पोरीनं सारखं रिंगान घालावं, हे बरं न्हवं. देवऋष्याकडं न्यायचं म्हनती.”

पोरांना देवऋष्याकडे नेतात तेव्हा काय काय करतात, ते प्रियदर्शनीने लहानपणी पाहिलं होतं.

“नेऊ नका,” ती एवढ्या पटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. “ऐका तरी. पोरं एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळतात, ते उगीच नसतं. आमच्या वर्गात एक जण दिसेल ते फेकतो. एक जण बाहुली, चमचा, स्वतःचा पाय, सगळं फडक्यात गुंडाळतो. एकीला इथलं उचलून तिथं न्यायचं असतं, दिवसभर. राणीला वेढायचं असतं. आत किती मावतं, बाहेर काय उरतं, कुठं जोडलं की बंद होतं… हे ती हातांनी शिकतेय. अडवलं तर शिकणं अडेल.”

“आन लांडगा?”

“तो कुठून आला, ते तुम्हीच सांगा.”

मग त्याने सांगितलं. राणीचे आईबाप दहिवडीकडचे, मेंढरांमागे फिरणारे. मेंढरं घेऊन बाहेर पडले की रानात तळ पडतो आणि रात्री कोकरं जाळीच्या गोल कुंपणात कोंडतात. त्याला वाघर म्हणतात. मागच्या साली एक कोकरू वाघराबाहेर राहिलं आणि राणीच्या डोळ्यांदेखत लांडग्याने नेलं. यंदा आईबापांनी तिला शाळेसाठी मामाकडे ठेवलं होतं.

प्रियदर्शनीने राणीचा खेळ मोडला नाही, वाढवला. तिला लोकरीची दोरी दिली, माती दिली. “वाघराला दार कुठाय गं? कोकरं आत कशी घ्यायची?” एवढंच विचारलं. राणी दोन दिवस विचारात पडली आणि मग तिने दार केलं. त्या दारातून वर्गातली पोरं कोकरं होऊन आत जाऊ लागली आणि राणी त्यांना बोट लावून मोजू लागली. घरी तानुबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, तेव्हा हात गोल फिरताना बघून राणी खूश झाली. तिला वाटलं, आजीलाही खेळ कळला. त्या हसण्याने तानुबाई विरघळल्या आणि देवऋषी मागे पडला.

“एक कबूल करायचं हाय,” दिवाळीच्या सुटीआधी मल्हार म्हणाला. दोघं रिंगणातच होती. “सकाळी तळ हलतो, तवा वाघर सोडत्यात. ‘तळ हलला’ म्हनलं की राणी आपनहून समदं गोळा करती. मला पैल्या दिसापासनं ठावं हाय.”

“मग इतके दिवस का बोलला नाहीत?”

तो झाकणांकडे बघत राहिला. “म्हनलं असतं, तर तुमी उठला असता.”

प्रियदर्शनीचे कान तापले. काहीतरी बोलायला हवं होतं… पण ती घाबरली आणि मणी वेचू लागली. त्या दिवशी जमिनीवर मणी नव्हतेच.

दिवाळीत घरी आबांनी सांगितलं, पाहुणे बघायला येणार आहेत. मुलगा जयराज, फौजेत आहे, पंधरा एकर ऊस आहे. आबा म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले लालासाहेब सुभेदार; त्यांच्या घरात अशी गोष्ट सांगायची असते, विचारायची नसते. प्रियदर्शनीने मान डोलावली. शिरवळला परतल्यावर तिने ती बातमी मल्हारला सांगितली, अगदी खालच्या आवाजात.

“बरं झालं,” तो म्हणाला. “आमी धनगर, तुमी सुभेदाराची लेक. मला काय कळत न्हाई व्हय?” तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तानुबाई लंगडत लंगडत राणीला न्यायला येऊ लागल्या.

प्रियदर्शनी त्या दिवसांत नीट जेवली नाही. नाही म्हणायचं तर आबांना म्हणावं लागेल, आणि आबांना नाही म्हणण्यापेक्षा जन्मभर हो म्हणणं सोपं, असं ती स्वतःला समजावत राहिली.

शनिवारी शाळा सुटली. सगळी पोरं गेली, एकटी राणी फाटकाशी आजीची वाट बघत उभी होती. समोरच्या रस्त्यावरून मेंढरांचा कळप भोरच्या बाजूला चालला होता. मेंढरं, घोडी, ओझी, कुत्री. तेवढ्यात आबांचा फोन आला.

“उद्या सकाळी पैल्या गाडीनं ये. हिरवी साडी नेसायची, म्हनती तुजी आई.”

“हो, आबा.”

फोन ठेवून तिने वळून पाहिलं. फाटक उघडं होतं आणि राणी नव्हती.

आजी आली असेल… नाही, आजी त्या टोकाला सावकाश येताना दिसत होती. कळप पुढे गेला होता. आणि मागे, रस्त्याच्या मधोमध, एक लंगडं कोकरू बसलं होतं. त्याच्याभोवती राणी खडीचे दगड लावत होती.

वळणावरून वाळूचा डंपर येत होता.

विचार करायच्या आत पायच धावले. ट्रकांना घाबरणारी प्रियदर्शनी रस्त्याच्या मधे दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि तिने डोळे गच्च मिटले. ब्रेक किंचाळले. जळक्या टायरचा वास नाकात शिरला. डोळे उघडले तेव्हा डंपरचं तोंड हातभर अंतरावर होतं आणि ड्रायव्हर खिडकीतून शिव्या घालत होता. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. एक मोटारसायकल दोघींना अगदी चाटून गेली.

“राणी, चल.”

“नाय. भायेर लांडगा हाय.”

तिला उचललं तर ती हात चावून परत कोकराकडे धावेल, हे प्रियदर्शनीला पक्कं ठाऊक होतं. ती गुडघ्यांवर बसली. तिने आवाज जमेल तेवढा शांत केला.

“तळ हलला, राणी. वाघर सोडायचं. कोकरू मी घेते.”

राणीने तिच्याकडे पाहिलं. क्षणभर विचार केला. मग एकेक दगड फ्रॉकच्या ओच्यात गोळा करू लागली. हॉर्न वाजत होते, ड्रायव्हर बोलत होता आणि तिचा शेवटचा दगड उचलून होईपर्यंत प्रियदर्शनी कोकरू छातीशी धरून तिच्यावर ओणवी राहिली.

दोघी कडेला पोचल्या, तेव्हा रस्ता ओलांडून मल्हार पळत आला. पाळी सुटून येताना त्याने पलीकडून सगळं पाहिलं होतं आणि गाड्यांमुळे त्याला अलीकडे येता आलं नव्हतं. त्याने राणीला पोटाशी धरलं आणि तो तिथेच मातीत बसला. त्याचे खांदे हलत होते.

“तुमी गेला असता, बाई,” तो म्हणाला. “दोगीबी गेला असता. मी तिकडं हुबा… मला काय कराया येईना.”

“मला फार भीती वाटली,” प्रियदर्शनी म्हणाली.

“मग थांबला कशा?”

कोकराचं काळीज तिच्या हाताखाली धडधडत होतं, आणि तिचं स्वतःचंही. भीती कमी झालीच नव्हती. भीती होती तशीच होती, आणि तरी ती डंपरपुढे उभी राहिली होती. म्हणजे भीती जायची वाट बघत बसलं, तर जन्म जाईल.

तिने कोकरू त्याच्या मांडीवर ठेवलं आणि फोन काढला. नंबर दुसऱ्या खेपेला लागला.

“आबा, उद्याच्या पाहुण्यांना नको म्हणून सांगा.”

पलीकडून आबांचा तो आवाज आला, ज्याला सारं घर घाबरायचं. “का?”

“मला शिरवळचे एक जण आवडतात. मल्हार नाव. धनगर आहेत, कारखान्यात नोकरी करतात.” दम लागला, तरी ती थांबली नाही. “त्यांना अजून मी सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला सांगितलं.”

मल्हारने चमकून वर पाहिलं. तानुबाई तोवर पोचल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

प्रियदर्शनी आबांच्या ओरडण्याची वाट बघत राहिली. आबा ओरडले नाहीत, आणि तेच जास्त भीतिदायक होतं.

“उद्या येताना त्याला संगं आन,” आबा म्हणाले. “माज्याम्होरं बसू दे. मग बगतो.” आणि फोन कट झाला.

तिने आबांचं बोलणं सांगितलं, तसा मल्हार उभा राहिला. एका हातात राणी, दुसऱ्यात कोकरू, आणि चेहरा पांढरा पडलेला.

“सुभेदार… बंदूक बाळगत्यात का?”

“बाळगतात.”

त्याने कोकरू घट्ट धरलं. “बाई, मला लय भ्या वाटतंय.”

“मलाही,” प्रियदर्शनी म्हणाली. “सकाळी सहाची गाडी आहे. उशीर करू नका.”