काय म्हणालीस?

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालत बसणार नाही.

माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली. सात वर्षांपूर्वी, एका गुरुवारी. आणि रात्री-बित्री नाही. चांगली दुपारी सव्वादोन वाजता, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.

मावशी कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करायची. एक छोटी बंद खोली, भिंतींना फोम, आत एक खुर्ची. पेशंटने हेडफोन लावून आत बसायचं आणि हातात बटण धरायचं. काचेबाहेर मशीनपाशी मावशी. ती आवाज सोडणार. ऐकू आला की पेशंट बटण दाबणार, आणि मावशीच्या मशीनवर हिरवा दिवा लागणार.

मधूनच ती मुद्दाम काहीच सोडायची नाही. तेव्हाही दिवा लागला, तर समजायचं. या माणसाला ऐकू आलेलं नाही, याला ऐकू यावं असं वाटतंय.

लोकांच्या बाबतीत हे तिला चुटकीसरशी कळायचं. स्वतःच्या बाबतीत मात्र अकरा वर्षं कळत नव्हतं.

आम्ही ख्रिस्ती. मावशीला पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, व्हायचं होतं, रीतसर दीक्षा घेऊन. पण त्याला नुसती हौस चालत नाही, पाचारण लागतं. म्हणजे देवाने बोलावलेलं असावं लागतं. मावशी रोज पहाटे गुडघे टेकून विचारायची, "बोलावतोयस का रे मला?" मग कान लावून बसायची.

काही नाही.

"पाचारण कसलं, पाचावर धारण बसलीय तुझी," माझी आई चिडवायची. मावशी हसायची. नंतर नंतर ती हसेनाशी झाली.

वयाची अट पंचेचाळीस. तिचे तीन आठवडे उरले होते. त्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, निवड समितीपुढे उभं राहायचं होतं, आणि ती शेवटची संधी होती.

आमच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांचा उजवा कान गेलेला, डावा जेमतेम. दर दोन वाक्यांनी "काय म्हणालात?" पोरांनी त्यांचं नावच 'काय-म्हणालात-साहेब' पाडलं होतं. त्यांचे कान दरवर्षी मावशीच तपासायची. तिचं शिफारसपत्र त्यांनी द्यायचं होतं. ती मागायला गेली की ते एकच विचारायचे, "तुला ऐकू आलंय, की ऐकायचंय?"

मावशी मान खाली घालून परत यायची.

त्या गुरुवारच्या महिनाभर आधी ते गेले. पत्र न लिहिताच. समितीने पत्रावाचून चालवून घ्यायचं ठरवलं.

शेवटच्या घटकेला हॉस्पिटलात त्यांच्यापाशी मावशी एकटीच होती. त्यांनी तिचा हात धरला. म्हणाले, "आशीर्वाद दे."

आता इथे एक बारीकशी गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलंय. आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी दीक्षा घेतलेला पाळक हात वर करून म्हणतो, "देवाची शांती तुम्हांवर असो." ज्याला दीक्षा नाही त्याने 'तुम्हांवर' म्हणायचं नाही. त्याने स्वतःलाही त्यात धरायचं आणि म्हणायचं, "आपल्यावर असो." फरक एका शब्दाचा. पण त्यावरून लोक एकमेकांशी बोलायचे थांबलेत.

मावशी नियमाला पक्की. ती म्हणाली, "देवाची शांती आपल्यावर असो."

पाळकसाहेबांनी डोळे उघडले. "काय म्हणालीस?"

ती डाव्या कानाशी वाकून जरा मोठ्याने म्हणाली, "आपल्यावर असो."

"काय म्हणालीस?"

तिसऱ्यांदा म्हणायला तिने तोंड उघडलं... आणि ते गेलेले होते. आशीर्वादाला उत्तर म्हणून म्हणायचं आमेन, म्हणजे तसंच होवो, त्यांचं राहूनच गेलं.

घरी येईपर्यंत तिच्या मनाने घेतलं, की त्यांना ऐकू आलं होतं. त्यांना दुसरा शब्द हवा होता. 'तुम्हांवर' म्हण, हेच ते सुचवत होते, आणि जन्मभर लोकांचे कान तपासणाऱ्या बाईला ते कळलं नाही. महिनाभर तिला अन्न गोड लागलं नाही.

मग तो गुरुवार.

डॉक्टर जेवायला घरी गेलेले. रिसेप्शनवरची मुलगी रजेवर. पुढचा पेशंट तीनला. मावशीपुढे समितीचा फॉर्म होता. शेवटचा प्रश्न, 'आपणांस पाचारण कसे झाले?' खाली पाच कोऱ्या ओळी.

वीस मिनिटं पेन तसंच हातात होतं.

शेवटी तिने टेबलावर डोकं टेकलं आणि ओक्साबोक्शी रडली. "एकदा तरी बोल," ती म्हणाली. "खोटं का होईना, बोल."

टिक...

हिरवा दिवा लागला.

तिने काचेतून पाहिलं. खुर्ची रिकामी. हेडफोन हुकावर. बटण त्याच्या शेजारी लटकत होतं.

वायर सैल झाली असेल म्हणून ती आत गेली. वायर घट्ट होती. त्या खोलीत इतकी शांतता असते की स्वतःच्या छातीतली धडधड ऐकू येते. तिला त्या वेळी तीसुद्धा ऐकू आली नाही.

ती बाहेर आली. दार लावलं. बसली.

टिक...

दुसरं कुणी असतं तर पळत सुटलं असतं. मावशीने जे येत होतं ते केलं. तपासणी सुरू केली.

डावा कान. चाळीस डेसिबलवर आवाज सोडला. काही नाही.

साठ. काही नाही.

पंचाहत्तर...

दिवा.

मग ती मुद्दाम गप्प बसली. दिवा लागला नाही. आत जे कुणी होतं, ते खोटं बोलत नव्हतं.

उजवा कान. मशीन संपेपर्यंत आवाज चढवला. काही नाही.

तिने आलेख काढला आणि कपाटातून पाळकसाहेबांची फाइल काढून शेजारी ठेवली. एकही ठिपका इकडचा तिकडे नव्हता.

तिने माइक तोंडाशी धरला. आवाज फुटत नव्हता. "देवाची शांती आपल्यावर असो," ती पुटपुटली.

काही नाही.

"जाऊ नका ना..."

काही नाही.

मग ती उभी राहिली, हात वर केला आणि जीव खाऊन ओरडली, "तुम्हांवर! देवाची शांती तुम्हांवर असो!"

दिवा लागला. आणि लागलेलाच राहिला.

डॉक्टर आले तेव्हाही तो तसाच होता. "हे मशीन पण ना," म्हणत त्यांनी एक चापट मारली. तेव्हा विझला.

शुक्रवारी समितीने तोच प्रश्न विचारला. मावशी म्हणाली, "मी एक शब्द उच्चारला, आणि मला उत्तर मिळालं." तिची निवड झाली. तिने नोकरी सोडली, चार वर्षं शिकली, दीक्षा घेतली. माझी आई पहिल्या बाकावर बसून हुंदके देत होती.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण उपासनेच्या शेवटी मावशी "तुम्हांवर असो" म्हणते, सगळे आमेन म्हणतात... आणि ती थांबते. शेवटच्या बाकाकडे बघते. मग तेच पुन्हा म्हणते, जरा मोठ्याने. लोकांना वाटतं, ही तिची पद्धत.

गेल्या वर्षी तिच्या स्वयंपाकघरात कप विसळताना मी विचारलं, "मावशी, दोनदा का म्हणतेस गं?"

तिने नळ बंद केला. "मागून विचारतात ना. काय म्हणालीस, म्हणून."

मी हातातला कप खाली ठेवला.

"कान तपासून घेतलेत मी. ठणठणीत आहेत." मग फार हळू म्हणाली, "त्या दिवशी 'आपल्यावर' मी पुटपुटले होते. 'तुम्हांवर' ओरडले. आवाजाचा काटा किती चढला, ते बघितलंच नाही मी."

"म्हणजे?"

"अगं, दिवा लागला म्हणजे ऐकू आलं, एवढंच. पटलं असं नाही." "मला कुणी बोलावलं का, ते मला अजून माहीत नाही. आता कुणाला विचारू?"

तेव्हापासून मी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसते. एकटी. मला कधी काही ऐकू आलं नव्हतं.

मागच्या रविवारी मावशीने दोनदा म्हटलं. थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. वर केलेला हात तिने खाली घेतला आणि तिसऱ्यांदा, अगदी हळू, ती म्हणाली, "आपल्यावर असो."

कुणाच्या लक्षातही आलं नाही. लोक चपला शोधायला लागले होते.

आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवरून...

"आमेन."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. सुटल्यासारखा.

मावशीला तो ऐकू गेला नाही. ती अजून माझ्याच दिशेने बघत उभी होती, उत्तराची वाट बघत.

आठ दिवस झाले. आमेन कुठल्या शब्दाला आलं, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.