या म्हणायची सवय

रेडिएटर बदलणं हे काही फार मोठं काम नाही. दोन-तीन पाने, पक्कड, खाली ठेवायला एक पाटी आणि थंड डोकं, एवढं असलं की घरच्या अंगणातही होतं. माझं डोकं थंड आहे असं स्नेहल कधीच म्हणणार नाही, पण ती तेव्हा नगरला दवाखान्यात होती. दुपारनंतर तिला आणि आमच्या नव्या लेकीला घरी सोडणार होते.

आमची वस्ती पारनेरच्या अलीकडे. माझा दूध वाहायचा पिकअप आहे. आदल्या संध्याकाळी तो चढावर तापला. बोनेट उघडलं तर रेडिएटर खालून फाटलेला. शेजारच्या मच्छिंद्रतात्यांची जीप मागितली असती तर मिळाली असती. पण याआधी दोनदा मूल पोटातच गेलं होतं. ही पोरगी घरी येईल ती आपल्याच गाडीतून, असं मी स्नेहलला सांगून बसलो होतो. एकदा बोललो की बोललो, हा माझा जुना दुर्गुण.

सकाळीच तात्यांच्या मोटारसायकलवर केडगावला गेलो आणि जुन्या पार्टवाल्याकडून त्याच मॉडेलचा रेडिएटर आणला. अपघातातल्या गाडीचा होता, पण जाळी धड होती. अंगणात नळीने धुताना जाळीतून हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. रस्त्यावरून काय काय उडून बसतं. मी तो स्क्रूड्रायव्हरने काढून कुंपणापलीकडे टाकला.

जुना रेडिएटर निघायला त्रास झाला. एक बोल्ट इतका गंजलेला होता की त्याला माझ्या ठेवणीतल्या सगळ्या शिव्या ऐकाव्या लागल्या. आई ओट्यावर लसूण सोलत होती, तिने फक्त "पोरीचा बाप झालास आता," एवढंच म्हटलं. मग नवा बसवला. खालचा पाईप आवळायला पोतं अंथरून गाडीखाली शिरलो. क्लिप दातात धरली होती.

डोक्याशी कुणीतरी म्हणालं, "येते मी."

बाईचा आवाज, निवांत. तात्यांच्या घरच्या दगडाबाई काकू आमच्याकडे विरजण न्यायला येतात, त्याच असणार. मी क्लिप तोंडातून काढून म्हणालो, "या."

यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, ते अशुभ. जाणाऱ्याने 'येते' म्हणायचं आणि राहणाऱ्याने 'या'. तोंड आपोआप बोलतं.

बाहेर आल्यावर मी आईला विचारलं, "काकूंना विरजण दिलं का?"

"दगडाबाई? ती कालच लेकीकडं गेली. कोन आलंच न्हाई."

"आत्ता बोललं की कुणीतरी."

"मी हितंच हाय सकाळपासनं," आई म्हणाली. "लई दगदग झाली तुझी. जेवून घे."

मलाही ते पटलं. कूलंट भरलं, टोपण उघडं ठेवून गाडी चालू केली. बुडबुडे आले, हवा निघाली. काटा मध्यावर येऊन थांबला. आपलं काम आपल्याला आवडावं असं क्वचित होतं, त्या दिवशी झालं.

निघताना केबिनमधली मधली सीट ओलसर लागली. कूलंटचा गोडसर वास येत होता. माझेच हात लागले असतील म्हणून फडक्याने पुसली. नगरला पोचलो तेव्हा ती पुन्हा ओली होती. वरून काही गळत नव्हतं. मी तिच्यावर टॉवेल टाकला.

स्नेहल बाळाला घेऊन खिडकीशी बसली. मध्ये फक्त तो टॉवेल. पोरगी इतकी लहान होती की मला गिअर बदलायचीही भीती वाटत होती. सुप्यावरून पारनेरच्या रस्त्याला लागलो तेव्हा सूर्य मावळत होता.

पुढे एक खड्डा चुकवता आला नाही. पिकअप चांगलाच आदळला. मी दचकून बाजूला पाहिलं.

स्नेहलचं डोकं काचेला टेकलेलं होतं. दोन्ही हात मांडीवर सैल पडलेले. मांडी रिकामी.

"स्नेहल, बाळ कुठंय?"

"हात भरून आले," ती झोपेतच म्हणाली. "म्हणून आईंकडं दिलं."

आई घरी होती.

लेक मधल्या सीटवर होती. म्हणजे सीटवर नव्हती. सीटच्या वर, वीतभर. दुपट्यात गुंडाळलेली, डोकं नीट सावरलेलं. गाडी हलत होती आणि ती हलत नव्हती.

ब्रेक मारायची हिंमत झाली नाही. वेग हळूहळू कमी केला आणि डावा हात तिच्याखाली सरकवला.

तिथे आधीच एक हात होता. गार, ओला. मनगटात बांगड्या होत्या.

मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. घरी आलेल्या बाईमाणसाला जे कधी म्हणत नाहीत, ते मी म्हणालो.

"पोरगी माझी आहे. तुम्ही जा."

काही वेळ काहीच झालं नाही. मग तो हात निघाला आणि लेकीचं सगळं वजन माझ्या तळव्यात आलं.

गाडी कडेला घेतली. स्नेहलला हलवून जागं केलं, बाळ तिच्या कुशीत दिलं. तिला काहीच सांगितलं नाही. उरलेला रस्ता मी सीटकडे पाहिलं नाही.

अंगणात पोचलो तेव्हा आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. स्नेहल उतरली. आईने दोघींवरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, नातीचं तोंड पाहिलं आणि तिला रडू आलं. मलाही आलं.

तेवढ्यात पिकअपच्या पलीकडून निवांत आवाज आला.

"येते मी."

मी दातांवर दात दाबून गप्प राहिलो. पण आई माणसांची भुकेली. तिने डोळ्यांना पदर लावला होता, कोण बोललं तेही पाहिलं नाही.

"या बरं का," ती म्हणाली. "बारशाला या."