डोंगराने धरलेलं पाणी

करंजपेठेत त्या श्रावणात पाऊस दिवसचे दिवस लागून राहिला होता, तरी बाजारातल्या दुकानदारांनी तळाच्या फळ्या रिकाम्या केल्या नव्हत्या. आंबेणी नदी पुलाखालून गढूळ, पण शहाण्यासारखी वाहत होती. पूर्वी असा पाऊस लागला की पेठेतली माणसं सारखी नदीवर चक्कर मारून येत, पोती माळ्यावर चढत, म्हाताऱ्यांना वरच्या आळीतल्या नातेवाइकांकडे पोहोचवलं जाई. आता शाळेतल्या मुलांना पूर म्हणजे काय, ते भिंतींवरचे जुने डाग दाखवून सांगावं लागे.

हे सगळं पाणधरीमुळे झालं होतं. पाणधर ही प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी. तिचे केसाहून बारीक तंतू मातीत पसरत, पावसाचं पाणी पिऊन फुगत आणि ते पाणी पुढे हिवाळाभर थोडं थोडं सोडत. पेठेच्या पूरविमा सहकारी संस्थेनं ती नदीच्या उगमाकडच्या उतारांवर पेरली होती. पूर थांबला, भरपाईचे दावे थांबले, विम्याचा हप्ता निम्म्यावर आला. तालुक्यातल्या दुसऱ्या गावांची माणसं ही करामत पाहायला येऊ लागली.

वैजयंती कळंबे या संस्थेची उतार-निरीक्षक होती. पुण्याला भूशास्त्र शिकून ती याच कामासाठी गावी परतली होती. तिचा थोरला भाऊ विश्राम संस्थेचा अध्यक्ष. खालच्या आळीत त्याचं औषधांचं दुकान होतं. शेवटच्या मोठ्या पुरात त्यांचे वडील त्याच दुकानातला माल वर चढवताना वाहून गेले होते. विश्रामनं संस्था उभी केली ती त्यानंतर.

त्या सकाळी वैजयंती जीप घेऊन भेकराच्या कोंडीला गेली. डोंगराच्या कुशीतली ही धनगरांची वाडी, मोजक्याच घरांची. उतारावर ठिकठिकाणी रोवलेल्या कलमापक कांड्या जरा जरी तिरप्या झाल्या तरी इशारा देत. एकही तिरपी झाली नव्हती. सगळे आकडे मर्यादेत होते. तरीही तिला चैन पडेना. तिनं मूठभर माती उचलून दाबली. कणकेसारखी जड, लिबलिबीत माती. एवढा पाऊस या डोंगरानं अंगावर घेतला होता आणि तो सगळा अजून त्याच्या अंगावरच होता.

पहिल्याच घराशी बायजाबाई ढेबे खांद्यानं दार ढकलत होत्या.

"काय झालं, बायजाबाई?"

"कालपासनं लागंना झालंय, ताई. लाकूड फुगलं असंल."

वैजयंतीनं वाकून पाहिलं. लाकूड फुगलं नव्हतं, चौकटच वाकडी झाली होती. शेजारच्या घराची चौकटही तशीच, खालच्या बाजूला कललेली. ती घरामागे गेली. बांधावर गवताखाली एक भेग पडली होती. तिनं आत हात घातला, मग कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. तळ लागला नाही.

कांड्या सरळ का उभ्या होत्या ते तेव्हा तिच्या लक्षात आलं. त्या वरच्या थरात रोवलेल्या होत्या, आणि हा अख्खा थर एकसंध खाली सरकत होता. पाटावरचं ताट सरकावं, तसा. ताटातल्या वाट्या कशाला कलतील?

तिनं भावाला फोन लावला.

"दादा, डोंगर सरकतोय. पाणधरीतलं पाणी नदीत सोडावं लागेल."

पलीकडे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. विश्रामनं त्याला थांबायला सांगितलं.

"वैजू, वरची माणसं खाली घेऊन ये. सगळ्यांना. मी सभागृह उघडतो, जेवणाची सोय करतो. घरं पडली तर संस्था बांधून देईल, माझा शब्द."

"खाली यायची वाट याच उतारावरून आहे. वर कातळावर जाता येईल, पण मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. चढेपर्यंत डोंगर थांबेल असं कोण सांगणार?"

"आणि इथं? अख्खी बाजारपेठ आहे खाली!"

"त्यांना वरच्या आळीत जाता येतं. वेळ आहे."

"बाबांनाही वेळ होता," विश्राम म्हणाला.

"पुराचा भोंगा वाजव, दादा," वैजयंती म्हणाली. " मी दुपारपर्यंत थांबते."

"मी परवानगी देत नाहीये."

"मी मागत नाहीये."

फोन कट झाला. पुन्हा लावला तर त्यानं उचलला नाही.

वाडीतली माणसं शेरडांना हाकत कातळाकडे निघाली. बायजाबाईंचे सासरे अंथरुणाला खिळलेले. त्यांना घोंगडीच्या झोळीत घालून चौघांनी उचललं. म्हातारा सारखा म्हणत होता, "मला ठेवा रं, तुमी जावा." वैजयंती भेगेपाशी उभी राहिली, बसली, परत उठली. आतून बारीक खडे घरंगळल्याचा आवाज येत होता. भोंगा वाजला असेल का? इतक्या वर तो ऐकू येणं शक्य नव्हतं. पेठेतली पोरं नदीकाठच्या शाळेत असतील. तिनं शाळेत फोन केला, तोही कुणी उचलला नाही.

दुपार व्हायच्या आतच बायजाबाईंच्या घराची मागची भिंत बसली. मोठा आवाजही झाला नाही, नुसती खाली बसली. झोळी अजून अर्ध्या चढणीवर होती.

वैजयंतीनं टॅबलेट उघडला. त्यावरून पाणधरीला सौम्य वीजप्रवाह दिला की तंतू आकसतात आणि पाणी सोडून देतात. पण सगळा डोंगर एकदम सोडला तर मोकळ्या झालेल्या पाण्यानं तोच घसरला असता. म्हणून तळाच्या पट्ट्यापासून सुरुवात करायची, ते पाणी उतारावर खणलेल्या चरांतून वाहून जाऊ द्यायचं, मग वरचा पट्टा. तिनं पहिला पट्टा सोडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग चर खळखळू लागले, अळंब्यांसारखा उग्र वास सुटला आणि तांबडं पाणी उड्या घेत नदीकडे निघालं. ते कुणाच्या दारात जाणार हे तिला दुकानांच्या नावांनिशी ठाऊक होतं. तिनं दुसरा पट्टा सोडला.

दिवस कलताना भेग रुंदावायची थांबली.

करंजपेठेत खालच्या आळीत छातीएवढं पाणी चढलं. पण भोंगा वाजला होता. विश्रामनं फोन ठेवल्या ठेवल्या तो वाजवला होता आणि शाळा सगळ्यांत आधी रिकामी केली होती. माणूस एकही दगावला नाही. विश्रामचं दुकान मात्र पार धुऊन निघालं. नुकसानभरपाई सगळ्यांना मिळाली, संस्थेची गंगाजळी आटली आणि हप्ता पुन्हा वाढला.

दिवाळीनंतरच्या सभेत एका कापडदुकानदारानं सरळ विचारलं, "डोंगर खरंच कोसळला असता का?"

"बहुतेक," वैजयंती म्हणाली. "खात्रीनं सांगता येणार नाही."

सभेत कुजबुज पसरली. न घडलेली गोष्ट दाखवायची कशी? मग ठराव मांडला गेला: यापुढे पाणी सोडायचा निर्णय एका माणसाच्या हाती नको. खाली किती विमा उतरवलेला आहे आणि वर किती, याचा हिशेब संगणक करील. जे पारडं जड भरेल ते वाचेल. हात वर झाले. विश्रामचा हात सर्वांत शेवटी वर गेला. त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कोंडीला गेली. बायजाबाई नव्या भिंतीला मातीचा गिलावा करत होत्या. तिनं ठराव समजावून सांगितला.

"ते यंत्र मान्सं मोजत न्हाई?"

"माणसांना वेळेवर हलवता येतं असं त्यांनी धरलंय."

"आन् आमची घरं?"

"विमा उतरवलेला नाही, म्हणजे त्याच्या लेखी शून्य. म्हणून तर आले. सगळ्यांनी विमा उतरवा. घरं, शेरडं, जे असेल ते सगळं. हप्त्याचं आपण बघू काहीतरी. निदान तुम्ही त्याला दिसाल तरी."

बायजाबाईंनी हातावरची माती निरपून टाकली. वाडीतली घरं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेखालून घातली, मग कातळाखाली चरणाऱ्या शेरडांकडे पाहिलं.

"उतरवतो की," त्या म्हणाल्या. "पन खरं सांगा ताई, आमी सगळं मिळून तुमच्या पेठेतल्या एका आळीयेवढं तरी भरू का?"