आर्डिथची मांडणी

त्या संध्याकाळी मी फक्त चौकातल्या खांबांवर पाट्या ठोकायला गेले होते. 'शनिवारी सेल', खाली बाण, एवढंच काम. थांबा, हा दिवा जरा इकडे ओढते. माझं तोंड दिसलं म्हणजे मी थापा मारत नाही हे तुम्हाला कळेल.

आर्डिथ माझी थोरली बहीण. वसंतात गेली. तिचं घर विकलं गेलं होतं, सोमवारी नवे लोक राहायला येणार होते, आणि तोवर जे उरेल ते कचऱ्याची गाडी उचलून नेणार होती. इस्पितळात तिनं माझं मनगट घट्ट धरून सांगितलं होतं, "मार्लिस, माझं म्हणून जे काही आहे ना, त्यातलं काहीही मागे राहता कामा नये. वचन दे." मी दिलं. आर्डिथला नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

पंचाईत अशी, की अंगणातला सेल, म्हणजे घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकणं, ही तिची विद्या. तिच्या सेलला लोक शेजारच्या गावांतून उजाडायच्या आत बॅटऱ्या घेऊन यायचे. माझ्या सेलला माशासुद्धा यायच्या नाहीत. "तू सामान मांडतेस की ओततेस गं?" असं ती सगळ्यांसमोर विचारायची, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशीही मी ओतलंच होतं. तिच्या गॅरेजमध्ये कपडे घड्या करून खोक्यांत भरले, काचेची भांडी पुढे ठेवली, नवऱ्याच्या मागे तिनं जपलेल्या हातोड्या-करवती मागच्या भिंतीशी लावल्या. शेजारचा वेंडेल डोकावला आणि टोपी मागे सारून बघतच राहिला.

"हे बघून गाड्या थांबतील की पळतील, मार्लिस?"

"तुला काय हवंय ते बोल."

त्याला सुतारकामाचं टेबल हवं होतं, पण ते उचलायला माणसं उद्या दुपारी मिळणार होती. मी टेबलावर पांढरी चिठ्ठी चिकटवली, 'विकलं, वेंडेल'. आमच्याकडे अशी चिठ्ठी लागली, की घेणारा येईपर्यंत त्या वस्तूला कुणी हात लावत नाही. आर्डिथच्या चिठ्ठ्या मात्र नारिंगी असायच्या, नाव जांभळ्या पेन्सिलीनं, तिरक्या अक्षरात. घर आवरताना त्यातली एकही मला सापडली नव्हती.

वेंडेल गेला. मी गॅरेजचं दार खाली ओढलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि पाट्या ठोकायला गेले.

परतले तेव्हा सूर्य मक्याच्या शेतामागे गेला होता. वारा अजिबात नव्हता. गॅरेजजवळ आले आणि आतून आवाज ऐकू आला.

टिंग... टिंग...

लोखंडी दांडीवर हँगर सरकवल्याचा आवाज. आणि दाराच्या फटीतून व्हिनेगरचा वास. सेलच्या आदल्या संध्याकाळी आर्डिथ काचेची भांडी व्हिनेगरनं धुवायची.

"कोण आहे?" मी विचारलं.

आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, सावकाश. ऐकू आलंय, पण हात कामात आहेत, असा.

"आर्डिथ...?"

कुलूप तसंच होतं. ते उघडून मी दार वर ढकललं. आत कुणी नव्हतं, आणि माझी मांडणीही नव्हती.

हातोड्या, करवती, गळ अगदी पुढे, रस्त्यावरून दिसतील असे. "गाडी नवरा चालवत असतो, तेव्हा ब्रेक त्याला मारायला लावायचा. बायको आपोआप उतरते," असं ती म्हणायची. सगळे कपडे मापानुसार दांडीवर टांगलेले आणि शेजारी उंच आरसा. पांढऱ्या चादरीवर पेले ओळीत उभे, अजून ओले. आणि मधोमध हा दिवा, लख्ख पेटलेला. त्याच्या वायरची पिन माझ्या पायाशी, जमिनीवर पडली होती.

खरं सांगते, भीतीच्याही आधी मनात काय आलं असेल तर हेच, की बाई, काय सुरेख मांडलंय!

सकाळी गाड्यांची रांग चर्चपर्यंत गेली. नवरे हातोड्या तोलत उभे, बायका आरशापुढे. एकीनं तर आर्डिथचा हिरवा कोट भर उन्हात अंगातून काढलाच नाही. "किती छान मांडलंयस गं!" असं जी ती म्हणत होती, आणि मी मान ताठ करून "आवडलं ना?" म्हणत होते. कपडे हँगरसकट गेले. वेंडेलचं टेबल गेलं. दिवा मीच विकत घेतला. संध्याकाळपर्यंत अंगणात चमचासुद्धा उरला नाही. कचऱ्याच्या गाडीवाल्याला मी स्वतः फोन करून सांगितलं, येऊ नकोस. उभ्या आयुष्यात मी इतकी जिंकले नव्हते. रिकाम्या अंगणात मी चक्क नाचले.

"वचन पाळलं गं!" मी घराकडे बघून ओरडले. "काहीही मागे ठेवलं नाही!"

वेंडेल हसत जवळ आला. मग त्याचं हसू थांबलं.

"मार्लिस... तुझ्या पाठीवर काय आहे?"

"काय आहे?"

"चिठ्ठी आहे. नारिंगी."

"वाच ना मग."

त्यानं वाकून वाचली. मग हळूच म्हणाला, "विकलं... आर्डिथ."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिचं म्हणून जे काही होतं, त्यातलं एक उरलं होतंच की. बहीण.

वेंडेलनं चिठ्ठी ओढायला हात पुढे केला. मी त्याला थांबवलं. लागलेली चिठ्ठी काढत नाहीत.

"राहू दे," मी म्हणाले, आणि मोठ्यानं, ती ऐकेल अशी, पुढे म्हटलं, "येऊ दे तिला. पण मला कुठे मांडायचं ते मी ठरवणार, सांगून ठेवते!"

वेंडेल माझ्या मागे बघत होता, उघड्या, झाडून लख्ख केलेल्या गॅरेजकडे. तिथे आता दांडीही नव्हती.

टिंग... टिंग...

कुणीतरी हँगर बाजूला सारून, एकासाठी जागा करत होतं.